सुगेंगरावची दोन सामन्यांची बंदी

सुगेंगराव पळत न्हाई. पहिल्या दिवशी मी हेच बघितलं आन् मनात म्हटलं, आमच्या कोचनं हा उतरलेला बैल कुठनं आणून दावणीला बांधला? समोरची टीम सगळी पोरसवदा. त्यांचा सेंटर फॉरवर्ड तर असा की पायात इंजिन बसवल्यागत सुटायचा. सुटला. आमचा राइट बॅक मागं पडला, हाफ मागं पडला. सुगेंगराव चार पावलं चालला, आडवा पडला न्हाई, ओरडला न्हाई, नुसता पाय पुढं ठेवला. बॉल त्याच्या पायात आला. फॉरवर्ड आपला मोकळाच पुढं पळत गेला आन् गोलकीपरला धडकायच्या बेतात आल्यावर त्याला कळलं, की बॉल मागंच राहिलाय.

मी कागल तालुक्यातला. आमच्याकडं कुस्ती जेवढी बघतात तेवढाच फुटबॉल बी बघतात. गडी कसलेला हाय का नुसता हौशी, हे बांधावर उभं राहून सांगता येतंय. त्या दिवशी मी कोचला विचारलं, "सालदादा, हे पात्र कोण?"

साल म्हंजे साल्वातोर. माल्टाचा म्हातारा, सारा जन्म मेलबर्नच्या पश्चिमेला गेलेला. म्हणाला, "इंडोनेशियाचा प्रोफेशनल आहे. पहिल्या दर्जाच्या लीगमधला. इथं ट्रुगानिनात गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो."

त्याच गोदामात मी मेंटेनन्सला. म्हंजे हा गडी रोज माझ्या डोळ्यासमोरनं लाकडी पॅलेट उचलून नेत होता आन् मला पत्ता न्हाई. क्लबात माझं काम टीम मॅनेजरचं. नाव मोठं हाय, पण जर्सी धुवायच्या, पाण्याच्या बाटल्या भरायच्या, आन् कुणाचा बूट फाटला तर टेप लावायची, एवढंच. आमच्या टीममध्ये पुण्याची इंजिनियर पोरं, सुदानची उंच पोरं, वेरिबीकडची बर्मी पोरं, दोन पंजाबी. त्यात आता हा जावामधला सुगेंग. त्याला आडनाव न्हाई. तिकडं तशीच रीत. इथल्या कागदात आडनावाची जागा मोकळी सोडता येत न्हाई म्हणून त्यांनी तेच नाव दोनदा घातलं, सुगेंग सुगेंग. मी म्हटलं, त्यापेक्षा आमच्याकडची पद्धत बरी. आन् सुगेंगराव केलं. त्याला ते आवडलं. तो मला 'मास विलास' म्हणायचा. मास म्हंजे दादा.

आमचं बोलणं इंग्रजीतच व्हायचं. त्याचं इंग्रजी मोडकं, माझं वाकडं. ते इथं मी माझ्याच बोलीत लिहितोय, कारण मला ते तसंच ऐकू यायचं.

चहाच्या सुट्टीत त्यानं हळूहळू सांगितलं. बाप रस्त्याच्या कडंला कापडी पडदा लावून मांगूर मासा तळून विकायचा. त्यांच्या लामोंगान भागातली माणसं साऱ्या देशभर हाच धंदा करतात. पडद्यावर मोठ्या अक्षरात मेनू आन् माशाचं चित्र रंगवलेलं. पोराचं काम काय, तर टाकीतला जिता मांगूर हातानं धरून बापाच्या हातात द्यायचा.

"मांगूर धरलाईस कधी, मास विलास?"

"ओढ्यात धरलाय की. काटा बसतोय."

"मासा जिथं हाय तिथं जो हात घालतोय, त्यालाच काटा बसतोय. हात घालायचा तो मासा जिथं येणार हाय तिथं. फॉरवर्ड तसलाच. आता कुठं हाय ते बघायचंच न्हाई."

"आन् न्हाई आला तिथं तर?"

"तर बापाची थप्पड."

पुढं तो गावागावांतल्या मॅची खेळाय लागला. तिकडं त्याला तारकाम म्हणतात. या गावाची टीम विरुद्ध त्या गावाची टीम, पब्लिक रेषेला चिकटून, कॉर्नर मारायचा तर आधी माणसं हटवायची, लाउडस्पीकरवाला गोल व्हायच्या आधीच ओरडणार, आन् बक्षीस म्हणून बकरं. मोठी स्पर्धा असली तर बैल. आन् जिंकायचं म्हणून लीगमधले नावाजलेले खेळाडू गुपचूप बोलवायचे. आमच्याकडंबी बाहेरचा गडी आणायची पद्धत हायच, तवा मला ते ऐकून घरचं वाटलं. पण तिकडं लीगच्या खेळाडूला तारकाम खेळायला मनाई. मग काय, गडी दुसऱ्या नावानं उतरायचे. लाउडस्पीकरवाला बी सामील. साऱ्या गावाला ठाऊक की हा टीव्हीवरचा स्टॉपर, पण पुकारा करताना हा अमक्याचा भाचा.

"तू कुणाचा भाचा झालास?" मी विचारलं.

"मी कधीच न्हाई. नाव एकच हाय माझं. ते बी बदलायचं म्हटल्यावर मैदानात जाणार कोण? क्लबनं एकदा पकडलं, दंड केला. म्हटलं, करा. बकरं तर घरी पोचलं हुतं."

एकोणिसाव्या वर्षी दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये गेला, दोन सीझननी पहिल्या दर्जाच्या. आधी राइट बॅक, मग स्टॉपर, म्हंजे गोलपुढचा मधला डिफेंडर. बोर्निओच्या एका क्लबात तर आठ वर्षं. विमानानं जायचं, बोटीनं यायचं, पावसात चिखल असा की बॉल पोहायचा. नाक दोनदा मोडलं. डावा घोटा असा सुजायचा की बूट रात्रभर पायातच ठेवून झोपायचा, काढला तर परत चढायचा न्हाई म्हणून. त्यातलं काही सांगताना त्याचा आवाज जड व्हायचा न्हाई. बाजारातनं भाजी आणल्यागत सांगायचा.

एकच गोष्ट सांगताना तो चहाचा कप खाली ठेवायचा. एवढ्या वर्षांत तो कधी फायनल खेळला न्हवता. एकदा कपच्या फायनलच्या आधी क्लबनं ब्राझीलचा एक डिफेंडर आणला आन् सुगेंगराव बाकावर. दुसऱ्यांदा टीम फायनलला पोचली, तर संघटनेच्या भांडणात सारी लीगच बंद पडली. मॅच झालीच न्हाई.

मी म्हटलं, "तारकामच्या फायनल खेळलास की लई."

"बकऱ्याची फायनल ती फायनल न्हवं, मास विलास."

घोटा कामातनं गेला तवा क्लबनं सोडलं. बायको एंडांग नर्स. तिला मेलबर्नला कोर्स मिळाला, मग पॉइंट कुकच्या एका वृद्धाश्रमात नोकरी. तिच्या व्हिसावर हा आला. इथं आल्यावर घोटा एका फिजिओनं नीट केला आन् गडी परत उभा राहिला. पस्तिशी ओलांडलेला, केस मागं सरकलेले, पण नजर तीच, टाकीत हात घालायच्या आधीची.

दोन सीझन तो आमच्यात खेळला. तिसऱ्या सीझनच्या सुरुवातीला एंडांगनं सगळ्यांसमोर, कॅन्टीनच्या काउंटरला टेकून सांगितलं, "हा शेवटचा. दर शनिवारी मी आश्रमातले म्हातारे सांभाळून येते आन् घरी आल्यावर हा एक म्हातारा बर्फात पाय घालून बसलेला. बास झालं."

सुगेंगराव म्हणाला, "बास तर बास. पण या वर्षी फायनल खेळून."

लोक हसले. आमचा क्लब म्हंजे कायम टेबलाच्या मधोमध, ना वर ना खाली, धाब्यावरच्या मांजरागत. पण त्या वर्षी खरंच टीम बसली. गोलच खायची न्हाई. प्रमोशनच्या प्लेऑफला पोचलो. सेमीफायनल जिंकली की फायनल, आन् फायनल जिंकली की वरच्या डिव्हिजनला.

सेमीफायनलला रेफ्री होता ट्रेव्हर. शाळेतनं रिटायर झालेला मास्तर, पांढऱ्या मिशा, दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या, शिट्टी मात्र कडक. आम्ही एका गोलनं पुढं. शेवटची दहाएक मिनिटं राहिली असतील, तेवढ्यात आमच्या बॉक्समध्ये त्यांचा एक फॉरवर्ड सुगेंगरावच्या पायापाशी पडला. ट्रेव्हरनं पेनल्टी दिली.

मी बाहेरनं बघत होतो. माझ्या मते पाय लागला न्हवता. पण माझं मत जर्सी धुणाऱ्याचं.

सुगेंगराव ट्रेव्हरच्या तोंडासमोर जाऊन उभा राहिला. एवढ्या वर्षांत मी त्याचा असला आवाज ऐकला न्हवता. "डोळे उघड की म्हाताऱ्या! डोळे कशाला दिलेत?"

पिवळं कार्ड. ते बरोबरच होतं.

पेनल्टी आमच्या सुदानी कीपरनं अडवली. मॅच संपली. आम्ही फायनलला. पोरं एकमेकांच्या अंगावर चढायला लागली, साल रडायला लागला, क्लबचा प्रेसिडेंट हृषीकेश फोनवर बायकोला ओरडून सांगायला लागला. आन् सुगेंगराव एकटा, मान खाली घालून, मैदानाच्या मधोमध उभ्या असलेल्या ट्रेव्हरकडं निघाला.

हात मिळवायला चाललाय, असं मला वाटलं. ट्रेव्हरलाबी तसंच वाटलं असणार, त्यानं हात पुढं केला. सुगेंगरावनं तो हात दोन्ही हातांत धरला, कमरेत वाकला आन् हात आपल्या कपाळाकडं नेला.

त्यांच्याकडं हे रोजचं. घरनं निघताना, घरात शिरताना, थोरल्या माणसाचा हात घेऊन कपाळाला लावायचा. आमच्याकडं पाया पडतात तसं. पण ट्रेव्हरला काय ठाऊक! मघाशी अंगावर आलेला दांडगा गडी आता हात धरून डोकं खाली घालतोय. त्याला वाटलं, हा चावणार, न्हाई तर डोक्यानं धडक देणार. त्यानं झटका मारून हात ओढला, घड्याळाची कडा सुगेंगरावच्या भुवईला लागली, रक्त आलं, ट्रेव्हर मागं दोन पावलं गेला आन् आपल्याच पायात पाय अडकून बसला खाली.

बसल्या बसल्याच त्यानं खिशातनं लाल कार्ड काढलं.

रेफ्रीला हात लावणं म्हंजे फुटबॉलात फार वाईट गोष्ट. शिवी परवडली. लाल कार्ड मिळालेल्या गड्याला सुनावणी होईस्तोवर खेळता येत न्हाई, आन् सुनावणी बुधवारी, फायनल शनिवारी. मुद्दाम हात लावल्याचं सिद्ध झालं तर कमीत कमी दोन मॅच. मारायला गेला असं ठरलं तर अख्खं वर्षभर.

सोमवारी आम्ही चौघं क्लबहाउसमध्ये बसलो. साल, हृषीकेश, सुगेंगराव आन् मी. हृषीकेश पुण्याचा, आयटीतला. माणूस मनानं चांगला, पण प्रत्येक भानगडीला त्याच्याकडं आधीच तयार उत्तर असतंय.

"हे बघा, सिंपल आहे," तो म्हणाला. "ग्राउंड ओलं होतं. तू दमलेला होतास. हँडशेक करताना तुझा पाय घसरला, तू त्याचा हात धरून स्वतःला सावरलंस. ॲक्सिडेंटल कॉन्टॅक्ट. केस क्लोज्ड. शनिवारी तू मैदानात."

साल म्हणाला, "वाईट नाही."

मी बी म्हटलं, "सुगेंगराव, खोटं असलं तरी कुणाचं काय बिघडत न्हाई."

सुगेंगरावच्या भुवईला पट्टी. तो कॅन्टीनमधला थंड झालेला वडा खात होता. म्हणाला, "ग्राउंड ओलं न्हवतं."

"अरे, मेलबर्न आहे! ग्राउंड ओलं असतंच!"

"मला फायनल खेळायची हाय," सुगेंगराव म्हणाला. एवढंच. ना हो म्हणाला, ना न्हाई. हृषीकेशनं त्याला हो समजून घेतलं आन् क्लबच्या नावानं तसा मेल टाकून मोकळा झाला.

बुधवारी संध्याकाळी आम्ही हृषीकेशच्या गाडीतनं लीगच्या ऑफिसात सुनावणीला गेलो. सुगेंगराव मागच्या सीटवर, अंगात बाटिकचा फुलाफुलांचा शर्ट, लग्नाला निघाल्यागत. हृषीकेश फ्रीवेवर त्याला घोकून घेत होता. "काय झालं?" "घसरलो." "मग?" "सावरलो." "इंटेन्शन?" "न्हवतं." पोपट मस्त बोलत होता. मला वाटलं, झालं काम.

आत टेबलाच्या पलीकडं तिघं. मधोमध अध्यक्षीण बाई, चष्मा नाकावर. बाजूला खुर्चीत ट्रेव्हर, गुडघे लांब करून. ट्रेव्हरनं आधी सांगितलं, "याने माझा हात पकडून डोकं माझ्याकडे आणलं. मला वाटलं चावतो. तीस वर्षं शाळेत शिकवलंय मी, मुलं चावतात."

बाईंनी कागदावरनं वाचलं, "क्लबचं म्हणणं आहे की हस्तांदोलन करताना तुमचा पाय घसरला. मिस्टर सुगेंग, हे बरोबर आहे का?"

 हृषीकेशनं टेबलाखालनं सुगेंगरावच्या पायाला पाय लावला. मी खिडकीबाहेर बघाय लागलो.

"न्हाई," सुगेंगराव म्हणाला. "मी घसरलो न्हाई. मी स्टॉपर हाय. मी घसरत न्हाई."

हृषीकेशनं डोळे मिटले.

"मग काय झालं?"

"मी या माणसावर ओरडलो. पिवळं कार्ड मिळालं, ते खेळाचं झालं. पण हा माणूस माझ्या बापाच्या वयाचा हाय. थोरल्यावर ओरडल्यावर नुसता हात मिळवून भागत न्हाई. आमच्यात त्याचा हात कपाळाला लावायचा असतोय. म्हणून लावला. मुद्दाम लावला."

"म्हणजे तुम्ही जाणूनबुजून रेफ्रीला हात लावलात?"

"व्हय. दोन्ही हात."

एक सभासद खोकला. बाई म्हणाल्या, "नेमकं कसं, ते दाखवता येईल?"

सुगेंगराव उठला आन् ट्रेव्हरसमोर जाऊन म्हणाला, "देता का हात?" ट्रेव्हरनं बाईंकडं बघितलं, मग परक्या कुत्र्याला हुंगायला द्यावा तसा हात हळूच पुढं केला. सुगेंगराव वाकला. पट्टी बांधलेल्या भुवईच्या वर, कपाळाला हात लावला, सोडला, आन् मागं सरला. एवढंच. डोळ्याचं पातं लवलं न्हाई तोवर झालं बी.

 ट्रेव्हर आपला हात उलटासुलटा करून बघत होता.

"बरं," तो शेवटी म्हणाला. "हे आधी सांगून केलं असतं तर बरं झालं असतं." मग म्हणाला, "पण पेनल्टी बरोबरच होती."

"न्हवती," सुगेंगराव म्हणाला.

बाईंनी दोघांना गप्प केलं. आम्हाला बाहेर बसवून परत आत बोलावलं. मारायला गेल्याचा आरोप काढून टाकला. पण रेफ्रीला मुद्दाम हात लावला, हे त्यानं स्वतःच्या तोंडानं कबूल केलंय, आन् नियमात कशापायी लावला याचा कप्पा न्हाई. कमीत कमी शिक्षा, दोन मॅच. बाईंना ते सांगताना बरं वाटत न्हवतं, हे दिसत होतं, पण सांगितलं.

परतताना गाडीत हृषीकेश भडकला होता. "विलास, तू सांग याला! घसरलो, एक शब्द! एक शब्द म्हटला असता तर शनिवारी खेळला असता! आख्ख्या आयुष्याची फायनल! काय मिळवलं याने?"

सुगेंगराव मागनं म्हणाला, "भूक लागलीय. कुठं तरी थांबव."

"थांबव म्हणे!"

"हृषीकेश," तो शांतपणे म्हणाला, "मी घसरलो म्हटलं असतं, तर मग तो हात मी कपाळाला लावलाच न्हवता, असं झालं असतं. मग त्या म्हाताऱ्याची माफी मी मागितलीच न्हाई. मग परत जाऊन मागायला लागली असती. परत लाल कार्ड."

मला हसू आलं. हृषीकेशला आलं न्हाई. पण कबाबच्या दुकानासमोर गाडी त्यानंच थांबवली.

शनिवारी फायनल. वारा असा की कॉर्नरचे झेंडे आडवे. बंदीवाल्या गड्याला बाकावर बी बसता येत न्हाई, म्हणून सुगेंगराव कुंपणाबाहेर, आमच्या गोलच्या मागं. बाजूला एंडांग. फायनलला पोचलाच तर ती नवऱ्याची शेवटची मॅच, म्हणून तिनं महिन्याआधीच सुट्टी टाकून ठेवली होती, आन् आता नवराच कुंपणाबाहेर.

त्याच्या जागी निनाद खेळला. पुण्याचा, पळणारा, मधमाशीगत सगळीकडं घोंघावणारा. सुगेंगराव मागनं एकच शब्द ओरडत होता, "साबार! साबार!" म्हंजे दम धर. पहिल्या हाफमध्ये निनाद दोनदा फसला, दोनदा कीपरनं वाचवलं. दुसऱ्या हाफमध्ये पोरगं जरा थांबाय लागलं. मी तिकडं बाटल्या देता देता कुंपणाकडं बघायचो. सुगेंगरावनं जाळी दोन्ही हातांनी धरलेली. चेहऱ्यावर दुःख न्हवतं, राग होता. असा राग, की आत सोडला असता तर समोरचे अकरा आन् आमचे अकरा, सगळ्यांच्या पायातनं बॉल काढून घेतला असता.

आम्ही एक शून्यनं जिंकलो. त्याच्याशिवाय जिंकलो, हे बी सांगायलाच पाहिजे. निनाद तर शेवटी छातीनं बॉल अडवत होता.

साल सुगेंगरावला ओढत आत घेऊन आला, पोरं मेडल गळ्यात घालाय लागली. त्यानं ते काढून सालच्या हातात दिलं. "न खेळलेल्या मॅचचं मेडल मी घालत न्हाई."

"मग सीझनभर खेळलास ते?"

"ते सीझनचं. हे फायनलचं हाय."

मग निनादकडं वळून म्हणाला, "बरा खेळलास. डावा पाय उशिरा टाकतोस."

"थँक्स, मास," निनाद म्हणाला. त्याला कळलं न्हाई, हे कौतुक होतं का बोलणी. मला बी कळलं न्हाई.

पोरं पांगली. मी जर्सी पोत्यात भरत होतो. एंडांग गाडीची किल्ली फिरवत आली आन् म्हणाली, "चला. संपलं एकदाचं."

"एक मॅच राहिलीय," सुगेंगराव म्हणाला.

"कुठली?"

"बंदीची. दोन मॅचची बंदी हाय. आज एक झाली."

"बंदीची मॅच म्हणजे न खेळायची मॅच! घरी बसून भोग!"

"घरी बसून भोगता येत न्हाई. घरात बसलेल्या माणसाला कसली बंदी? क्लबात नाव नोंदवलेला खेळाडू असावा लागतोय, तरच ती मॅच धरतात."

एंडांग माझ्याकडं वळली. "विलासभाऊ, हा खरं बोलतोय?"

मी पोतं खाली ठेवलं. नियम खरोखर तसाच होता. मान हलवली.

"म्हणजे न खेळण्यासाठी याला खेळाडू व्हायला पाहिजे?"

"तसंच हाय ते, वहिनी."

"आन् ती भोगली की मग?"

सुगेंगराव बुटाची नाडी बांधत होता. वर न बघता म्हणाला, "भोगली आन् लगेच सोडलं, तर लोक म्हणतील, हा माणूस शिक्षा भोगायला सीझनला उतरला. बरं दिसत न्हाई ते."

"लोक! ट्रुगानिनात कोण लोक तुझी वाट बघतायत?"

"फायनल राहिलीय, एंडांग," तो म्हणाला. आता त्यानं वर बघितलं. "मी ती खेळणार. पुढच्या वर्षी न्हाई तर त्याच्या पुढच्या."

 ती त्यांच्या भाषेत त्याला काहीतरी बोलली. मला शब्द कळले न्हाईत, पण चाल कळली. माझी आई बापाला अशाच चालीत बोलायची, आन् त्यानंतर भाकरी बी थापायची. किल्ली तिनं त्याच्या अंगावर फेकली. त्यानं ती झेलली.

"बर्फ तू स्वतः आणायचा," ती म्हणाली. "मी फ्रीजमध्ये ट्रे लावणार न्हाई."

मार्चच्या शेवटाला नवा सीझन, वरची डिव्हिजन. पहिल्या मॅचला सुगेंगरावनं कुंपणाबाहेर उभं राहून बंदी भोगली. आम्ही तीन गोल खाल्ले. दुसऱ्या मॅचला पॉइंट कुकच्या मैदानावर सालनं त्याला आन् निनादला दोघांनाबी मध्ये उभं केलं. समोरच्या टीमचा नऊ नंबर विशीतला, कानात बाळी, तोंड चालूच. टॉस व्हायच्या आधीच तो सुगेंगरावजवळ येऊन म्हणाला, "अंकल, इथं कसे? घरचे शोधत असतील की."

"घरनं विचारून आलोय," सुगेंगराव म्हणाला.

शिट्टी झाली. पहिलाच लांब बॉल त्या नऊ नंबरच्या डोक्यावरनं आला, पोरगं गर्रकन वळून सुटलं, आन् बॉल जिथं पडणार होता तिथं सुगेंगराव आधीच उभा होता. त्यानं तो छातीवर घेतला, खाली सोडला, आन् निनादला देऊन म्हणाला, "सावकाश."